आरसी (रिमोट कंट्रोलची) बग्गी: फुल साइज बॅटरी पॅक की शॉर्टी? आणि वजनासाठी पितळ नेमकं कुठं लावायचं? (सातारा-सांगलीकर, इकडे या)

मुरमाड_सातारा:
राम राम मंडळी. टेन्थ स्केलची (खऱ्याच्या एक दशांश) टू-व्हील ड्राइव्ह बग्गी घेतलीय, मिड मोटर (मोटर मागच्या एक्सलच्या पुढं), १३.५ टर्नची (तारेचे वेढे) सेन्सर्ड ब्रशलेस. बॅटरीच्या ट्रेमध्ये फुल साइज पॅकही बसतो आणि शॉर्टीही (लांबीला आखूड पॅक), शॉर्टी लावला की पुढंमागं सरकवायला फोमचे तुकडे टाकायचे अशी सोय आहे. चालवतो कोरेगाव रस्त्याला एका माळावर. सगळा मुरूम, वरनं सुटी बारीक खडी, पाऊस उघडला की थोडे दिवस जमीन बसलेली असते आणि मग नुसता भुगा. गाडी सरळ झकास पळते पण वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागचं बूड फिरतंय. त्यात दिवाळीनंतर सांगलीच्या पोरांनी रेसला बोलावलंय आणि तिथला ट्रॅक काळ्या मातीचा, पाणी मारून रोलर फिरवलेला.

आता पॅक घ्यायचेत, पैसे दोन पॅकपुरते आहेत. दुकानदार म्हणतो ७६०० एमएएच (क्षमता), १२० सी (किती जोरात करंट देतो त्याचा आकडा), फुल साइज घ्या, डोळे झाकून. मित्र म्हणतो शॉर्टी घे. माझं मत असं की मोठा पॅक जड असतो, आणि मुरमावर पकड पाहिजे तर वजन लागणारच, मग मोठाच का नको? आणि जादा पितळ लावायचं तर ते मागं की पुढं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

कृष्णाकाठ:
शॉर्टी घ्या. आणि या सांगलीला, वाट बघतोय.

जतचा_धुरळा:
७६०० म्हंजे गाडी जतहून सुटली तर थेट पवई नाक्यावर जाऊन थांबंल की वो. मधी चहाला सुदीक थांबायची न्हाय.

सर्किट_मिरज:
सविस्तर म्हणालात म्हणून लिहितो. आधी गणित करा. रेस पाच मिनिटांची असते. १३.५ टर्नला सरासरी करंट २० अँपिअर धरू, हा मी मुद्दाम चढा धरलाय. २० गुणिले ५ भागिले ६० म्हणजे १.६७ अँपिअर-तास, म्हणजे साधारण १६७० एमएएच. लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण पिळायचा नसतो, ८०% वापरायचा म्हटलं तरी ४२०० च्या शॉर्टीत ३३६० वापरता येतात. म्हणजे एका रेसच्या दुप्पट. मग ७६०० मधले उरलेले सहा हजार तुम्ही पाच मिनिटं नुसते फिरवून आणणार, त्यांचं ओझं मात्र प्रत्येक उडीत आणि प्रत्येक वळणात गाडीला वाहायला लागणार. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पाच मिनिटं चालवा, चार्जरला लावा आणि चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघा. तो तुमच्या मोटरचा, तुमच्या गिअरिंगचा आणि तुमच्या बोटाचा खरा खप.

आता १२० सी. ७६०० गुणिले १२० म्हणजे ९१२ अँपिअर. बारा गेजच्या वायरीतून आणि ५ मिलिमीटरच्या बुलेट कनेक्टरमधून ९१२ अँपिअर जाणार कसे? त्या आकड्याला स्टिकरच्या बाहेर फारसा अर्थ नाही. बघायचा तो इंटर्नल रेझिस्टन्स, आयआर. चांगल्या पॅकला सेलमागे ३-४ मिलिओहम दाखवतो, हलक्याला १५ सुद्धा. दोन सेल मिळून ८ मिलिओहम असेल आणि तुम्ही पंच मारताना (एकदम फुल थ्रॉटल) ६० अँपिअर ओढले तर पॅकच्या आतच ०.४८ व्होल्ट पडतात. ३० मिलिओहम असेल तर १.८ व्होल्ट. म्हणजे ८.४ चा पॅक घेऊन तुम्ही साडेसहा व्होल्टवर गाडी पळवताय, आणि ते गेलेले व्होल्ट पॅक गरम करण्यात जातात. बरेच चार्जर आयआर दाखवतात, दुकानातच मोजून मागा. आणि तुलना करायची तर एकाच चार्जरवर, पॅक तेवढेच गरम असताना. गार पॅकचा आयआर जास्त येतो, थंडीत सकाळी मोजला की चांगला पॅकपण खराब वाटतो.

मुरमाड_सातारा:
सर्किटभाऊ, एमएएचचं पटलं. आयआर दुकानात मोजू देतील का बघतो. पण वजनाचं उत्तर राहिलं. फुल साइज साधारण ३०० ग्रॅम, शॉर्टी २१० च्या आसपास, म्हणजे ९० ग्रॅमचा फरक. ते ९० ग्रॅम पकड देणार नाहीत का?

कराड_संगम:
देणार. मी फुल साइजच वापरतो, नदीकाठच्या वाळूमिश्रित मातीत. मागं चिकटून चालते गाडी. शॉर्टी टाकून बघितला होता, नाचायला लागली. ज्याला पटत नाही त्याने कराडला यावं, प्रीतिसंगमाजवळ भेळ खाऊ आणि मग दाखवतो.

सर्किट_मिरज:
संगमभाऊ, तुमची गाडी रियर मोटरची आहे ना? फोटो टाकला होतात मागे. मोटरच मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकलेली आहे, ती चिकटणारच. सुट्या मातीत रियर मोटरचा फायदा सगळ्यांना माहीत आहे.

आणि एकूण वजन वाढवून वळणात पकड वाढत नाही. टायरवर दाब वाढतो हे खरं, पण वळवायचं वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढतं. उलट दाब दुप्पट केला तर टायरची पकड पूर्ण दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते, म्हणजे जड गाडी वळणात आणि ब्रेकिंगला मागेच पडणार. फायदा होतो तो वजन कुठं आहे याचा. टू-व्हीलला ढकलणारी चाकं मागची, म्हणून एकूण वजनातला मागचा वाटा वाढला की थ्रॉटलवर पकड वाढते. मागचा वाटा, एकूण नव्हे.

कराड_संगम:
हे झालं कागदावर. मी मोबाईलचं घड्याळ लावून लॅप मोजलेत. जड पॅकला लॅप एकसारखे पडतात, हलक्याला एक लॅप भारी आणि दोन लॅप कुंपणात.

कृष्णाकाठ:
दोघंही बरोबर आहेत बहुतेक. जड गाडी खड्ड्यावर कमी उडते, हळू प्रतिक्रिया देते, त्यामुळं नवीन माणसाचे लॅप एकसारखे येतात. पण तिचा सगळ्यात चांगला लॅप हलक्या गाडीच्या सगळ्यात चांगल्या लॅपपेक्षा मंदच. आमच्या ट्रॅकवर तर खात्रीनं.

कराड_संगम:
हे मान्य. भेळेचं आमंत्रण कायम आहे.

जुना_निकॅड:
लेकरांनो, मजा वाटली वाचून. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. टामियाची ग्रासहॉपर आणि हॉर्नेट १९८४ ला आल्या, आमच्या ओळखीत एकाने आखातातून हॉर्नेट आणली होती. बॅटरी एकच, निकॅडचे (निकेल-कॅडमियम) सहा सेल, ७.२ व्होल्ट, १२०० एमएएच. मोटर मागं, पॅक जिथं कंपनीने खाच दिली तिथंच. लिपो आला तेव्हा गाड्या एकदम हलक्या झाल्या आणि तेव्हापासून हे पितळ लावायचं सुरू झालं. नियमात किमान वजन असतं ना. इफमारच्या (आरसी रेसिंगची जागतिक संघटना) नियमात टू-व्हील टेन्थ बग्गीला १४७४ ग्रॅम आणि फोर-व्हीलला १५८८ होतं. म्हणजे हलका पॅक घेऊन उरलेलं वजन आपल्याला हवं तिथं ठेवायचं, शॉर्टीचा खरा फायदा हा आहे. मोठ्या पॅकचं वजन जिथं पॅक तिथंच. छोट्या पॅकमुळं वाचलेले ९० ग्रॅम तुमच्या खिशात येतात, मागं लावा, पुढं लावा, नाहीतर लावूच नका.

आणि तोल म्हणाल तर उसाची बैलगाडी भरताना आमचे वडील सांगायचे तेच. मोळ्या मागं जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाला वळवता येत नाही. पुढं जास्त झाल्या की सगळं ओझं बैलाच्या मानेवर. तुमची बग्गीही उलाळ केली की थ्रॉटलवर सरळ चालेल पण पुढची चाकं हलकी होऊन वळायचं नाव घेणार नाही.

जतचा_धुरळा:
काका नाद खुळा. ह्या हिशोबानं बैलगाडी शर्यतीतला छकडा म्हंजे शॉर्टी आन् उसाची गाडी म्हंजे ७६००.

विट्याचा_तराजू:
शर्यतीचा विषय निघालाच आहे तर, २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून आमच्या भागात परत जोरात आहेत. मैदानं तयार होतात, नांगरून, फळी मारून, पाणी शिंपडून. आमच्या पोरांनी शर्यत झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच मैदानाच्या कडेला बग्ग्या पळवल्या, जमिनमालकाला विचारून. माती इतकी भुसभुशीत होती की पिनवाले (रबराच्या बारीक खुंट्यांचे) टायरपण पोहत होते.

नववीची_आई:
नमस्कार. मी इथं नवीन आहे. मुलगा नववीत आहे, मिरजेत राहतो. त्याने साठवलेल्या पैशातून जुनी बग्गी घेतलीय आणि आता लिपो पाहिजे म्हणतोय. मी व्हिडिओ बघितले, पॅक पेटतात. खरंच घरात ठेवण्याजोगी वस्तू आहे का ही? वजनाच्या चर्चेत हा प्रश्न मध्येच विचारतेय, चालेल ना.

सर्किट_मिरज:
ताई, चालेल काय, हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. ठेवण्याजोगी आहे पण नियम पाळून, आणि नियम घरातल्या मोठ्यांनाही माहीत पाहिजेत.

लिपोचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, टू-एस म्हणजे दोन सेल, ८.४. त्याच्या वर गेला की धोका. म्हणून बॅलन्स चार्जरच वापरायचा, ती छोटी पांढरी वायर जोडूनच, आणि चार्जरमध्ये लिपो आणि टू-एस हेच सेटिंग आहे ना ते प्रत्येक वेळी बघायचं. जुन्या गाडीबरोबर निकेल बॅटरीचा साधा चार्जर आला असेल तर तो वेगळा ठेवा, त्यावर लिपो कधीच नाही. करंट एक सी, म्हणजे ४००० च्या पॅकला ४ अँपिअर. चार्जिंग चालू असताना माणूस खोलीत पाहिजे, झोपताना किंवा क्लासला जाताना लावून जायचं नाही. जागा फरशीवर, पडदा, गादी, पुस्तकांपासून लांब. लिपो बॅग मिळते ती घ्या, आणि जवळ वाळूची बादली.

खालची बाजूही तेवढीच महत्त्वाची. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब होतो, आणि तसा पॅक नंतर चार्ज करताना फुगतो. गाडीच्या ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) लिपो कटऑफ चालू करायला सांगा, सेलमागे ३.३-३.४ ठेवा. जुना ईएससी असेल तर कटऑफ नसेलही, मग ८०-१०० रुपयांचा लो व्होल्टेज बझर येतो तो लावा.

रेस झाली की भरलेला किंवा रिकामा पॅक कपाटात टाकायचा नाही. स्टोरेज मोडला लावून सेलमागे ३.८ ते ३.८५ वर आणायचा. परीक्षेच्या काळात पॅक दोन-तीन महिने पडून राहतात, तेव्हा हे नक्की.

कुपवाडचा_टर्नर:
यात भर घालतो. उन्हाळ्यात सांगली-मिरजेत पारा ४० ला जातो. चारचाकीच्या डिकीत किंवा बंद काचेच्या आत पॅक ठेवायचा नाही. रेसनंतर पॅक हाताला गरम लागत असेल तर गार होईस्तोवर चार्जिंग नाही. ६० अंशाच्या वर पॅक कधीच जाऊ द्यायचा नाही, जात असेल तर गिअरिंग चुकलंय किंवा पॅक कमी पडतोय. आणि फुगलेला पॅक म्हणजे संपलेला पॅक. सुईने हवा काढायचा व्हिडिओ फिरतो तो अजिबात करू नये, आत हवा नसते, जळणारा वायू असतो. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब लावून मोकळ्या जागेत हळूहळू रिकामा करायचा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायचा, घंटागाडीत नाही.

ताई, मुलाला हार्ड केसचाच पॅक घेऊन द्या. प्लॅस्टिकच्या कवचातला. मऊ पॅक विमानासाठी ठीक आहे, बग्गीत दगड लागतात.

नववीची_आई:
खूप आभार दोघांचेही. हे सगळं लिहून चार्जरच्या वर भिंतीला चिकटवते. बल्बची युक्ती त्याच्या बाबांना आवडली.

कृष्णाकाठ:
ताई, मुलाला घेऊन या ट्रॅकवर. रविवारी सकाळी असतो आम्ही. त्याच्या वयाची अजून पोरं आहेत.

कुपवाडचा_टर्नर:
आता पितळाबद्दल, तो माझा विषय. पितळ एका घन सेंटीमीटरला साडेआठ ग्रॅम. म्हणजे ३० बाय २० बाय ५ मिलिमीटरची पट्टी ३ घन सेंटीमीटर, २५ ग्रॅम. एमआयडीसीत कुठल्याही टर्निंगवाल्याकडं भंगारातून तुकडा निघतो, नकाशा काढून न्या, एम३ ची दोन भोकं पाडून घ्या, काउंटरसंक करून (स्क्रूचं डोकं आत बसेल असं). कंपनीचं तेवढंच वजन विकत घेतलं तर किंमत बघून चक्कर येईल. ज्यांना टर्नर लांब पडतो त्यांनी टायरवाल्याकडं जावं, व्हील बॅलन्सिंगची ५-१० ग्रॅमची चिकटणारी वजनं मिळतात. चासिस आधी स्पिरिटने पुसा, आणि वरनं पट्टी मारा, नुसता चिकटपणा एका उडीत सुटतो.

पण लावायच्या आधी मोजा. न मोजता पितळ लावलं तर काय बदललं तेच कळत नाही.

विट्याचा_तराजू:
मोजायचं काम आमचं. आमच्या गावात तराजूला तोटा नाही, अर्धं विटा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात भारतभर पसरलंय. तरी सांगतो, सोनाराचा काटा लागत नाही. किचनचे दोन इलेक्ट्रॉनिक काटे, ५ किलोवाले, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारे. पुढची दोन्ही चाकं एकावर, मागची दोन्ही दुसऱ्यावर. काट्यांची उंची सारखी पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, गाडीत पॅक आणि बॉडी लावलेली पाहिजे. ठेवल्यावर सस्पेन्शन दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे नीट बसतं. मागचा आकडा भागिले बेरीज, आली टक्केवारी.

डावं-उजवं बघायचं तर चासिसच्या मधल्या रेषेवर पुढं एक आणि मागं एक टोक टेकवून गाडी तोला. ज्या बाजूला कलेल त्याच्या उलट बाजूला वजन. फोर-व्हीलमध्ये पॅक एका बाजूला आणि मोटर-ईएससी दुसऱ्या बाजूला असतात, तिथं हे फार लागतं, कारण हलका पॅक टाकला की ती बाजू लगेच हलकी होते.

मुरमाड_सातारा:
दोन काटे जमवले, एक घरचा एक शेजारच्या काकूंचा. शॉर्टी मित्राचा उसना आणला, २१० ग्रॅम. पॅक पूर्ण मागं सरकवून पुढं ५७०, मागं ९६५. एकूण १५३५. म्हणजे मागं ६२.९%. पॅक ३० मिलिमीटर पुढं घेतला तर पुढं ५९२, मागं ९४३, म्हणजे ६१.४%. एवढंच? मला वाटलं होतं फार मोठा फरक पडेल.

सर्किट_मिरज:
बरोबर मोजलंत. गणितही तेच सांगतं. पॅकचं वजन गुणिले सरकवलेलं अंतर, भागिले व्हीलबेस. तुमचा व्हीलबेस २८५ असेल तर २१० गुणिले ३० भागिले २८५ म्हणजे २२ ग्रॅम. तेवढेच एका एक्सलवरून दुसऱ्यावर जातात. आणि दीड टक्का कमी वाटला तरी टू-व्हीलला तो जाणवतो, खरं म्हणजे अर्धा टक्कासुद्धा सरावलेल्या हाताला कळतो. म्हणून पितळाच्या आधी फोम. फोम फुकट आहे आणि वजन वाढवत नाही.

आता वजन कुठं लावायचं. पुढच्या टोकाला किंवा मागच्या टोकाला लावलेलं २५ ग्रॅम आणि मध्यात लावलेलं २५ ग्रॅम यांचा परिणाम वेगळा. टोकाला वजन असलं की गाडी फिरायला आळस करते, आणि एकदा फिरायला लागली की थांबायलाही आळस करते. मध्यात असलं की चटकन फिरते. मुरूम-खडीत तुमचं बूड फिरतंय, तर पॅक पूर्ण मागं ठेवा आणि मागच्या सस्पेन्शन आर्मच्या ब्लॉकपाशी थोडं पितळ लावून बघा. एका वेळी एकच बदल.

कराड_संगम:
सर्किटभाऊंचं हे वाक्य मात्र मी फ्रेम करून लावतो. एका वेळी एकच बदल. आमच्याकडं एक जण एकाच दुपारी स्प्रिंग, ऑइल, टायर, पॅक सगळं बदलतो आणि संध्याकाळी विचारतो कशामुळं सुधारली.

वाई_घाट:
सगळे बॅटरी आणि पितळ धरून बसलेत, टायरचं कोण बोलणार? दोन पॅकच्या पैशात एक पॅक आणि एक टायरचा सेट घ्या. मुरमावर उंच पिन, मऊ कंपाउंड, आणि आतला फोम मऊ. झिजलेल्या टायरवर कितीही वजन सरकवा, बूड फिरणारच. काळ्या मातीत रोलर फिरवलेला ट्रॅक असेल तर बुटक्या पिन किंवा बार पॅटर्न. टायर जो फरक देतो त्याच्या पुढं बाकीचं सगळं दुय्यम आहे असं माझं ठाम मत आहे.

कृष्णाकाठ:
वाई_घाट यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या मातीचं सांगतो. काळी माती कोरडी झाली की भेगा पडतात आणि वर पावडर, पकड शून्य. चिखल झाला तर टायर लाडूएवढे होतात, गाडी जागची हलत नाही. मधली अवस्था पाहिजे. आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी रोलर, आणि ऊन चढायच्या आत हलका फवारा. तेव्हा ती इतकी पकडते की गाड्या वळणात बाहेरच्या बाजूला उलटतात. मुरमाडभाऊ, तुमचं माळावरचं सेटिंग इथं चालणार नाही. इथं मागं वजन ठेवलं की गाडी वळत नाही, सरळ कडेच्या पाइपात. पॅक पुढं घ्या, मागचं पितळ काढा. गाडी खाली घ्या.

जतचा_धुरळा:
सांगलीकर, साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहता. परदेशात म्हणं ट्रॅकवर साखरंचं पाणी मारत्यात, सुकलं की टायर चिकटत्यात. तुमी मळीच वता की डायरेक्ट.

कृष्णाकाठ:
मळीला उत्पादन शुल्कचा परवाना लागतो दादा, अशी कॅनमधून कोण देणार. साखरेचं पाणी एका कोपऱ्यावर मारून बघितलंय. पकड आली, मान्य. दुपारपर्यंत त्या कोपऱ्यावर मुंग्यांची रेस लागली.

कुपवाडचा_टर्नर:
आणि त्या कमी व्होल्टेजला जास्त एकसारखे लॅप देत होत्या.

वाई_घाट:
:D :D

मुरमाड_सातारा:
उलटण्यावरून आठवलं, लो प्रोफाइल, एलसीजी (लो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी) पॅक म्हणतात तो घ्यावा का? १८-१९ मिलिमीटर उंचीचा. साधा २५ चा असतो.

सर्किट_मिरज:
सांगलीच्या पकडवाल्या मातीसाठी उपयोगी, तुमच्या माळासाठी नाही. पॅकचा मध्य तीन मिलिमीटर खाली जातो, पूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य अर्ध्या मिलिमीटरहून कमीच खाली येतो. जास्त पकडीत तेवढ्यानेही उलटणं कमी होतं. पण सुट्या मातीत गाडी थोडी झुकली, कलली पाहिजे, तेव्हाच वजन बाहेरच्या आणि मागच्या टायरवर जाऊन पिन मातीत रुततात. तिथं फार खालची आणि कडक गाडी वरच्या वर घसरते. तुम्ही दोन्हीकडं चालवणार, तर साधी २५ ची शॉर्टी घ्या.

अजून एक, एचव्ही लिपो नावाचे पॅक दिसतील, सेलला ४.३५ म्हणजे टू-एसला ८.७ पर्यंत भरणारे. रेसमध्ये बहुतेक ठिकाणी ८.४ चीच मर्यादा असते, सांगलीतही सुरुवातीला मीटर लावतात. ८.४ ला भरला की एचव्ही पॅकची लिहिलेली पूर्ण क्षमता मिळत नाही, ते धरून एमएएच बघा.

जुना_निकॅड:
उडीचं कोणी लिहिलं नाही. वजन हलवलं की उडीत गाडी वेगळी वागते, ते मैदानावर जाऊन कळण्याआधी कळलेलं बरं. पुढं जड केली की नाक खाली जातं. हवेत थ्रॉटल दिला की मागची चाकं जोरात फिरतात आणि नाक वर येतं, ब्रेक मारला की नाक खाली. मुरमाड, तू पॅक पुढं घेऊन सांगलीच्या टेबलटॉपवर (सपाट माथ्याच्या उडीवर) जाशील तेव्हा बोट थ्रॉटलवर तयार ठेव. पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळू मार.

मुरमाड_सातारा:
काका, नक्की.

ठरवलं ते सांगतो. साध्या उंचीचे दोन शॉर्टी घेणार होतो, पण वाई_घाट यांचं वाचून एक शॉर्टी आणि टायरचे दोन सेट, उंच पिन आणि बुटकी पिन. दुकानदाराने आयआर मोजू दिला, दोन पॅकमधला कमीचा उचलला, सेलमागे ४ च्या आत. काल माळावर पॅक पूर्ण मागं, पितळ नाही, नवीन टायर. बूड फिरणं जवळजवळ गेलं. मग मागच्या ब्लॉकवर २० ग्रॅम लावून बघितलं तर गाडी लांबट वळायला लागली, काढून टाकलं. चार्जरने पाच मिनिटांच्या चालवण्यानंतर १४५० एमएएच परत भरले, सर्किटभाऊंचा अंदाज चढाच होता.

कराड_संगम, तुमच्याकडचा फुल साइज एकदा माझ्या गाडीत लावून बघायचाय, येताना आणाल का? घड्याळ लावून दोन्ही मोजू.

कराड_संगम:
आणतो. चार्जरपण आणतो. भेळ मात्र कराडलाच.

सर्किट_मिरज:
१४५० छान आहे, म्हणजे गिअरिंग अजून एक दात वाढवायला जागा आहे. पण मोटरचं तापमान बघूनच, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बदलल्यावर दोन मिनिटं चालवून थांबा आणि मोजा.

आणि एकाच पॅकवर येणार असाल तर दोन हीटच्या (रेसमधल्या राउंडच्या) मध्ये चार्ज करायला लागेल. पॅक गार होऊ द्या, एक सी ला साधारण पाऊण तास धरा.

कृष्णाकाठ:
मैदानावर लाइट नाही, ट्रॅक्टरच्या दोन १२ व्होल्ट बॅटऱ्या ठेवतो, त्यामुळं डीसी इनपुट असलेलाच चार्जर आणा, नुसता घरच्या प्लगवाला आणाल तर उपयोग नाही. चार्जिंगचं टेबल झाडाखाली वेगळं आहे, वाळूची बादली तिथंच, सगळ्यांनी तिथंच लावायचे. बुलेट ४ चे की ५ चे ते इथं लिहा, आमच्याकडं ५ च्या लीड जास्त आहेत. नववीच्या ताई, मुलाच्या पॅकचा कनेक्टर कुठला तेही कळवा, टी-प्लग असेल तर एक्सटी ६० चा जोड करून ठेवतो.

नववीची_आई:
टी-प्लग आहे म्हणतोय. पॅक ४००० चा, हार्ड केस. आम्ही तिघंही येतोय.